हातचा किती?

वासुदेवराव कळंबे गुरुजींची आणि माझी पहिली ओळख एका चुकलेल्या बेरजेमुळे झाली. मी तिसरीत होतो. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौसर तालुक्यात आमची शाळा, आणि गुरुजी तिथे त्याच आठवड्यात रुजू झाले होते. वय वीस-एकवीस, अंगात पांढरा सदरा, आणि सदऱ्याचा डावा खिसा कशाने तरी फुगलेला. त्यांनी फळ्यावर सत्तावीस अधिक पंधरा असे उदाहरण घातले. मी पाटीवर बत्तीस लिहून सगळ्यांच्या आधी पाटी वर धरली.

गुरुजी जवळ आले. मारतील या भीतीने मी मान खाली घातली. ते म्हणाले, "सात आणि पाच किती?"

"बारा."

"बाराचे दोन लिहिलेस. हातचा कुठे गेला?"

 त्यांनी फुगलेल्या खिशातून एक चिंचोका काढला, माझ्या डाव्या हातात ठेवला आणि माझी बोटे आपल्या हाताने मिटवली. "हातचा हातात असतो, लक्ष्मण. पुढच्या घरी नेऊन दिल्याशिवाय मूठ उघडायची नाही."

एककाचे घर, दशकाचे घर असे आपण म्हणतो. त्यामुळे 'पुढच्या घरी नेऊन दे' यात गुरुजींनी काही वेगळे सांगितले असे नाही. तरीही आज, वयाच्या पन्नाशीला आलो असताना, त्या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा अडखळतो. का, ते पुढे सांगणार आहे. गुरुजींच्या साठीनिमित्त आपल्या मंडळातर्फे निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी दोन वेळा नकार दिला होता, त्याचे कारणही तेच.

गुरुजींची शिकवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाची डावी मूठ बेरजेच्या वेळी मिटलेली असे. दोन हातचे असले तर मुठीत दोन चिंचोके. घरी काकूंची, म्हणजे गुरुजींच्या पत्नीची, तक्रार असायची, "यांचा सदरा धुवाले टाकला का बादलीच्या बुडाशी चिंचोकेच चिंचोके. मी मास्तरच्या घरात पडली का वाण्याच्या, तेच समजत नाही." गुरुजी हसत आणि चिंचोके उन्हात वाळत घालत. शाळेत ते पुस्तकातली मराठी बोलत आणि फाटकाबाहेर पाऊल पडले की आपल्या मूळ गावची, सावरगावची बोली. त्यांच्या दोन्ही बोलण्यांत 'समजा' या शब्दाला मात्र जागा ठरलेली होती. "समजा एका टोपलीत वीस संत्री आहेत," असे उदाहरण ते घालत. पण एखाद्या मुलाने "गुरुजी, समजा पंधरा आले" असे उत्तर दिले की त्याला खाली बसवत. "समजा हे उदाहरणात चालते, उत्तरात नाही. उत्तर मोजून द्यायचे."

पुढे शिकून मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून गुरुजींच्या हाताखाली आलो, तेव्हा लक्षात आले की हातच्याचा प्रश्न ते फक्त मुलांना विचारत नाहीत. गावात कोणी अडचण घेऊन आला की ते शांतपणे सगळे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "बरं, हातचा किती?" म्हणजे या सगळ्यात तुझ्या हातात काय आहे. नवख्या माणसाला ते चमत्कारिक वाटे, क्वचित रागही येई.

एका वर्षी आंबिया बहराची फुले लागलेली असताना गारपीट झाली. शाळेमागे धोंडबाजींची संत्र्याची बाग होती. गारा थांबल्यावर आम्ही तिकडे गेलो. झाडांखाली फुलांचा आणि पाल्याचा पांढरा-हिरवा थर, फांद्यांची साले निघालेली. धोंडबाजी बांधावर बसून आभाळाकडे बघत होते. गुरुजी त्यांच्याजवळ बांधावर बसले. मग म्हणाले, "धोंडबाजी, हातचा किती?"

"आभाळ फाटलं अन् तुमाले गणित सुचून राहिलं का जी?"

"आभाळाचं गणित मले येत नाही. झाडाचं येते थोडंसं."

"झाडाचं काय येते तुमाले? तुमच्या दारी तर तुळस बी सुकली."

"म्हणूनच त तुमच्या बागेत आलो," गुरुजी म्हणाले. धोंडबाजींना त्या अवस्थेतही हसू फुटले आणि ते बांधावरून उठले. पुढचे आठ दिवस शाळा सुटल्यावर गुरुजी, धोंडबाजी आणि मी मोडलेल्या फांद्या छाटत होतो, जखमांवर मोरचूद आणि चुना कालवून लावत होतो. गुरुजींचा सदरा निळा झाला. सगळी झाडे वाचली असे मी म्हणणार नाही. वाचण्यासारखी होती ती वाचली, आणि धोंडबाजींना आभाळाकडे बघत बसायला सवड राहिली नाही.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हाचे तर मी जन्मभर विसरणार नाही. डावा हात मुठीसारखा आखडून गेला होता. मी नागपूरच्या डॉक्टरांचे पत्ते गोळा करीत होतो, जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलत होतो. गुरुजी आले, आईजवळ बसले आणि तिची बोटे एकेक करून उघडू लागले. मला म्हणाले, "डॉक्टरचं डॉक्टर पाहतील. मारुतीचं मारुती पाहील. ही मूठ उघडणं तुझ्याकडं आहे. सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा." जाताना त्यांनी आईच्या तळहातावर चिंचोका ठेवला. आई हसली. तिचे तोंड वाकडे झाल्यावर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिले. चार महिन्यांनी तिने त्या हाताने चहाची कपबशी धरली. बशीत थोडा चहा सांडला, पण धरली.

इतके सारे जवळून पाहिलेला मी. आणि तरीही चुकलो.

ऐंशीचे साल उलटून तीन-चार वर्षे झाली होती. उन्हाळी सुट्टी लागण्याच्या आत वरून पत्र आले की आमच्या शाळेतल्या मराठी पहिलीत नव्या सत्रासाठी ठरलेल्या तारखेपर्यंत पुरेशी नावे चढली नाहीत, तर मराठी वर्ग बंद करून मुले हिंदी वर्गात मिळवली जातील. गुरुजींनी पत्र आम्हा तिघा शिक्षकांना वाचून दाखवले. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी तो वर्ग वाढवला होता. आम्हाला वाटले, ते चिडतील. त्यांनी पत्राची घडी घातली आणि विचारले, "हातचा किती?"

मग त्यांनीच सांगितले. सहा वर्षांचे मूल असलेली घरे शोधायची, आईबापांना भेटायचे, तारखेच्या आत त्यांना शाळेत आणून नाव चढवायचे. पालकाची सही किंवा अंगठा लागत होता. घरे वाटून दिली. मी बोरगावचा. बोरगावात हिंदी शाळा आहे. पण मराठीसाठी काही लेकरे अर्ध्या तासाची वाट चालून आमच्याकडे येत. "बोरगावची चार घरं तुझी, लक्ष्मण. तुझ्या ओळखीची माणसं आहेत. मी गेलो तर पाहुणा होईन, तू गेला तर घरचा."

मला ते काम लहान वाटले. खरे तेच लिहितो. इतका मोठा अन्याय होत असताना दारोदार जाऊन सह्या गोळा करणे मला दुबळेपणाचे वाटले. मी अर्ज तयार केला, पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंतच्या चार प्रतिष्ठित लोकांच्या सह्या घेतल्या आणि नॅरोगेजच्या छोट्या गाडीने छिंदवाड्याला गेलो. दिवसभर बाकावर बसलो. बाबू म्हणाला, "साहब दौरे पर हैं, अगले हफ्ते आइए." पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो. मधल्या शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीपुढे नारळ फोडला आणि आमचा वर्ग तुझ्या हवाली असे सांगून आलो. या सगळ्यात आपण फार मोठे काम करीत आहोत असे वाटायचे. थकायलाही व्हायचे, आणि थकल्यामुळे ते खरे वाटायचे.

बोरगावच्या चार घरांपैकी दोन घरी मी गेलो होतो. राहिलेली दोन माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, शेतमजुरांच्या वस्तीत. रोज सायकलवरून त्यांच्या दारावरून जात होतो. इतक्या जवळचे काम कधीही होईल, म्हणून ते कधीच झाले नाही.

गुरुजी विचारत. "बोरगाव झालं?"

"होऊन जाते गुरुजी. दारात तर आहे."

"नारळ फोडला म्हणे जामसांवलीले."

"हो जी."

"चांगलं केलं. मारुतीनं त्याचं काम घेतलं असंन. आता तुझी दोन घरं राहिली."

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी गुरुजी रजिस्टर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी साहेब नक्की भेटतील असा निरोप मला आला होता आणि सकाळची गाडी गाठायची होती. गुरुजींनी पेन हातात धरूनच विचारले, "लक्ष्मण, बोरगाव झालं?"

मी म्हणालो, "झालं समजा."

संध्याकाळी जाता जाता दोन्ही घरी सांगून टाकू, असे माझ्या मनात होते. संध्याकाळी अर्ज पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहायला बसलो आणि ते राहून गेले. गुरुजींनी माझ्या शब्दावर त्या दोन घरांची वाट पाहिली. ज्या माणसाने मुलांच्या तोंडून कधी 'समजा' ऐकून घेतले नाही, त्यांनी माझ्या तोंडून तेवढे एकदा ऐकून घेतले. मी चाळिशी ओलांडलेला शिक्षक होतो, त्यांचा विद्यार्थी होतो, म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेब खरेच भेटले. मनाने वाईट नव्हते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एकच विचारले, "यह सब ठीक है, मास्टर साहब. बच्चे कितने हुए?"

मला आकडा सांगता आला नाही. मी म्हणालो, "पूरे हो जाएँगे, साहब." ते म्हणाले, "आज आख़िरी तारीख़ है न?" एवढ्यासाठी मी चार वेळा छिंदवाड्याला गेलो होतो. गुरुजींचाच प्रश्न मला तिथे हिंदीत ऐकायला मिळाला.

परत आलो तेव्हा शाळेच्या ओट्यावर गुरुजी एकटे बसले होते. रजिस्टर बंद होते. दोन नावे कमी पडली होती. ते इतकेच म्हणाले, "बोरगावचे आले नाहीत रे. काही अडचण झाली का त्याइले?" मी खाली पाहिले. त्यांना समजले. त्यांनी रजिस्टर काखेत घेतले. मग उठले आणि म्हणाले, "चल, हिंदी पहिलीची पुस्तकं किती लागतील ते काढू. लेकरं उद्या बी येतीलच."

त्यांनी मला त्या दिवशी बोलून घेतले असते तर मला पुढे इतके जड गेले नसते.

चार दिवसांनी मी त्या दोन घरी गेलो. पहिले घर शेवंताबाईंचे. त्या आणि त्यांचे यजमान कापसाच्या मजुरीला जात. घरात बुद्धाची लहानशी तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती. त्यांची मुलगी पंचशीला दारात उभी होती, धुतलेला फ्रॉक घालून. शेवंताबाई म्हणाल्या, "आता आले का मास्तर? मी त रोज तुमची सायकल पाहून राहिली होती. म्हटलं, आज थांबतीन, उद्या थांबतीन. आमाले तारीख का मालूम जी? माह्या माहेराहून काटोलचं कार्ड येते मराठीत, ते वाचाले मले दुसऱ्याच्या घरी जा लागते. पोरीले मराठी आलं असतं त घरीच वाचलं असतं."

मी म्हणालो, "चुकलं बाई माझं."

"तुमचं काय चुकते? तुमी त साहेबाकडं जाऊन राहिले होते म्हणे आमच्यासाठी."

या वाक्याने मला अधिक लाज वाटली. पंचशीला त्या वर्षी कुठल्याच शाळेत गेली नाही; धाकट्या भावाला सांभाळत घरी राहिली. दुसऱ्या घरचा मुलगा मामाकडे निघून गेला. मराठी पहिली बंद झाली आणि वर्षावर्षाने पुढचे वर्गही गेले.

आणखी एक गोष्ट मी इतकी वर्षे कोणापुढे बोललो नाही. वर्ग बंद झाल्यावर बाजारचौकात निषेधाची सभा झाली. तिथे माझा हार घालून सत्कार झाला. एक वक्ते म्हणाले, "कळंबे गुरुजी नुसते दारोदार फिरले, एक अर्ज बी नाही केला. लढला तो लक्ष्मण मास्तर." गुरुजी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गळ्यात हार घालून उभा होतो आणि गप्प राहिलो. गुरुजींनी नावे चढवायला काय काय केले, कोणकोणत्या घरी ते तीन-तीनदा गेले, नावे नेमकी कुठली कमी पडली, हे सगळे मला ठाऊक होते. दोन वाक्ये बोलायची होती, आणि ती माझ्याच हातची होती. आपल्या मंडळात आजही अनेकांचा समज आहे की त्या वेळी गुरुजी मऊ पडले. हा लेख मुख्यतः तो समज पुसण्यासाठी आहे. गुरुजींच्या वाट्याची घरे सगळी झाली होती. राहिली ती माझी.

वर्ग गेला तसा गुरुजींना तिथे राहायला आधार उरला नाही. निवृत्तीला चार वर्षे असताना त्यांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पहाडातल्या हिंदी शाळेत झाली. काकू सावरगावी एकट्या राहिल्या. तिथून पहिल्याच महिन्यात गुरुजींचे पोस्टकार्ड आले. ते माझ्या पोथीत ठेवलेले आहे. त्यांनी लिहिले होते: 'इथली मुले हुशार आहेत. मला हिंदीतून गणित जमेल की नाही ही धास्ती होती, पण जमते आहे. इथे हातच्याला हासिल म्हणतात. आपण म्हणतो हातात आहे, हे म्हणतात मिळाले. मला दोन्ही शब्द आवडले. इथे चिंचेची झाडे पुष्कळ आहेत. आईच्या हाताला मालिश चालू ठेव.'

कार्डात वर्गाचा उल्लेख नव्हता. मी ते कितीदा वाचले असेन. मारुतीपुढे बसलो की आता मी काही हवाली करत नाही. आजचे माझे काय राहिले आहे, तेवढे आठवून घेतो आणि उठतो.

त्याच सुमारास मी शेवंताबाईंकडे पुन्हा गेलो आणि पंचशीलाला संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाठवा म्हणालो. त्या म्हणाल्या, "आता कायले मास्तर? वर्ग त बंद झाला."

"वर्ग बंद झाला, ओसरी नाही झाली."

ती येऊ लागली. पुढच्या वर्षी तिचे नाव बोरगावच्या हिंदी शाळेत घातले, संध्याकाळी मराठी माझ्याकडे. तिच्यामागून इतर आली. ही काही शाळा नव्हे आणि गेलेल्या वर्गाची भरपाईही नव्हे. पंचशीलाचे एक वर्ष गेले ते गेलेच, आणि गुरुजींची चार वर्षे घरापासून दूर गेली तीही.

हा लेख लिहिण्याआधी, गेल्या रविवारी मी सावरगावला गेलो. पांढुर्ण्याला उतरून जाम नदी ओलांडली. गुरुजी अंगणात खाटेवर बसून चिंचोके निवडत होते. शेजारची लेकरे येतात म्हणे. केस पार पांढरे झाले आहेत, गुडघे दुखतात. मी सगळे सांगितले, 'झालं समजा'पासून हारापर्यंत, आणि हे ग्रंथात लिहू का म्हणून विचारले.

आतून काकू म्हणाल्या, "यांच्या सत्काराच्या पुस्तकात तुम्ही तुमचा पंचनामा छापता का मास्तर?"

गुरुजी म्हणाले, "लिहू दे त्याले. त्याच्या हातचं आहे ते." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "ओसरीवर आता किती येतेत?"

"नऊ."

"समजा, का मोजून?"

"मोजून, गुरुजी. काटोलची कार्डं आता पंचशीलाच आईला वाचून दाखवते. एका दमात."

 गुरुजींनी माझा डावा हात ओढून घेतला, त्यात एक चिंचोका ठेवला आणि तिसरीत मिटली होती तशी माझी बोटे मिटवली.

गुरुजींना उदंड आयुष्य लाभावे, गुडघ्यांना बळ यावे, काकूंची सोबत अखंड राहावी, हे मी जामसांवलीच्या मारुतीपाशी मागतो. ते देणे त्याच्याकडे. माझ्याकडे बोरगावची ओसरी आहे. दर वर्षी गुरुजींच्या वाढदिवशी नदी ओलांडून येईन आणि त्यांना आकडा सांगेन. तो ऐकायला आणि "मोजून का?" म्हणून विचारायला ते पुष्कळ वर्षे त्या खाटेवर असोत.